पेन्सिल घेऊन कॉर्निशवर

कोणत्याही मराठी मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि "एक निसर्गचित्र काढ" असे सांगा. पाच मिनिटांत कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात. त्यांच्यामधून अर्धा सूर्य डोकावतो, तिथूनच एक नदी वळणे घेत खाली येते, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी! हे चित्र आजी-आजोबांनी शाळेत काढले, आई-बाबांनी काढले आणि आता जेद्दात वाढणारी आपली मुलेही तेच काढतात.

गंमत अशी की संपूर्ण सौदी अरेबियात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. जेद्दात कौलारू घरे नाहीत. इथला सूर्य डोंगरांच्या फटीतून डोकावत नाही, रोज संध्याकाळी तांबड्या समुद्रात बुडतो. मग मुलांनी हे दृश्य पाहिले कुठे? दुसऱ्याच्या वहीत! म्हणजे हे चित्र पाढ्यासारखे पाठ केलेले आहे. पाढे पाठ असावेतच, पण चित्रकलेची खरी सुरुवात समोरची वस्तू नीट बघण्यापासून होते.

म्हणून या लेखात आम्ही घराबाहेर बसून रेखाटन कसे करावे याची माहिती देत आहोत. चित्रकला येत असली पाहिजे अशी अट मुळीच नाही. आणि सरावासाठी आपल्याइतके भाग्यवान फारच थोडे, कारण जेद्दा हे उघड्यावरच्या शिल्पांचे शहर आहे.

शहरात एवढी शिल्पे कशी आली?

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि जेद्दा झपाट्याने पसरू लागले. नवे रस्ते झाले, रस्त्यांवर मोठमोठे वर्तुळाकार चौक झाले, समुद्रकाठाने लांबच लांब कॉर्निश तयार झाली. त्या काळात, म्हणजे १९७२ ते १९८६ या वर्षांत, मोहम्मद सईद फारसी हे जेद्दाचे महापौर होते. नवे शहर केवळ सिमेंट-डांबराचे होऊ नये म्हणून त्यांनी चौकाचौकांत आणि किनाऱ्यावर शेकडो शिल्पे उभी करवली. त्यांत इंग्लंडचे हेन्री मूर, अमेरिकेचे अलेक्झांडर काल्डर, स्पेनचे होआन मिरो, फ्रान्सचे झाँ आर्प आणि सेझार अशा जगप्रसिद्ध कलावंतांची कामे आहेत. यांचे काम बघायला युरोपात लोक तिकीट काढून संग्रहालयात जातात!

खारा वारा आणि ऊन यांनी पुढे बऱ्याच शिल्पांची दुर्दशा झाली. २०१० नंतरच्या दशकात जेद्दा नगरपालिका आणि आर्ट जमील या संस्थेने निवडक शिल्पांची डागडुजी केली आणि त्यांतली वीसहून अधिक शिल्पे कॉर्निशवर एकत्र मांडून खुले संग्रहालय केले. आपण संध्याकाळी शेंगदाणे खात ज्यांच्यापुढून जातो ती हीच.

पुतळा नव्हे, शिल्प

आपल्याकडे चौकात उभे असते त्याला आपण 'पुतळा' म्हणतो. शिवाजी महाराज, लोकमान्य, बाबासाहेब यांना चेहरा असतो, हातात तलवार किंवा पुस्तक असते, खाली नाव असते. जेद्दात तसा एकही चेहरा दिसणार नाही. माणसांच्या आणि प्राण्यांच्या मूर्ती सार्वजनिक जागी उभारू नयेत असा इथला धार्मिक संकेत. त्यामुळे कलावंतांनी दोन वाटा काढल्या. एक, रोजच्या वापरातली वस्तू प्रचंड मोठी करायची. हुलिओ लाफुएन्ते या स्पॅनिश वास्तुरचनाकाराची अवाढव्य सायकल अशीच. दुसरी वाट म्हणजे कशाचीच नक्कल न करता नुसता आकार घडवायचा.

"हे नक्की काय आहे?" असे विचारून मोठी माणसे या दुसऱ्या प्रकारापुढे गोंधळतात. शिकाऊ चित्रकाराला मात्र हा प्रकार सगळ्यात सोपा! माणसाचे नाक काढताना आपण डोक्यातले 'नाक' काढून मोकळे होतो. पण मूर यांच्या गोलसर, भोके पडलेल्या आकाराचे तयार चित्र कोणाच्याच डोक्यात नसते. तिथे बघण्यावाचून गत्यंतर नाही. मूर स्वतः हाडे, शिंपले आणि गुळगुळीत गोटे गोळा करून कामाच्या जागी ठेवत आणि त्यांवरून आकार शोधत. तुम्ही किनाऱ्यावर शिंपले वेचता, तसेच!

काय बरोबर घ्यायचे?

कोऱ्या पानांची वही किंवा चिमटा लावलेली पाटी आणि कागद, एक एचबी व एक ४बी पेन्सिल, टोकयंत्र, टोपी, पाणी आणि बसायला चटई. रंग पहिल्या महिन्यात नकोत. खोडरबरही घरीच राहू द्या. तो हातात असला की अर्धा वेळ खोडण्यात जातो. एखादी रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढा, पहिली राहू द्या. चांगल्या चित्रकारांच्या वहीत अशा दुहेरी-तिहेरी रेघा खूप असतात.

कधी जायचे?

नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ. शुक्रवारी फज्रनंतरचे दोन तास किंवा असर आणि मगरिब यांच्यामधला वेळ. यामागे उकाडा हे एक कारण आहेच, पण दुसरे कारण सावलीचे आहे. वस्तू गोल आहे की चपटी हे डोळ्याला सावलीवरून कळते आणि दुपारी सावली वस्तूच्या पायाशी गोळा होते. जेद्दा साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मुंबईत हा 'शून्य सावली दिवस' मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी येतो. अशा वेळी बलाढ्य शिल्पसुद्धा कागदाच्या कापटासारखे सपाट दिसते.

आणखी एक गोष्ट. मुंबईप्रमाणे इथेही समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलात तर शिल्पाच्या मागे उजेड असतो आणि शिल्प काळ्या छायाकृतीसारखे दिसते. बाह्यरेषेच्या सरावाला ही जागा छान. समुद्राकडे पाठ करून बसलात तर शिल्पावर सोनेरी ऊन पडते आणि सगळे उंचसखल भाग कळतात. काय काढायचे आहे ते ठरवा आणि मग चटई टाका.

आधी प्रदक्षिणा, मग रेघ

इमारतीला दर्शनी बाजू असते. यांतल्या बहुतेक शिल्पांना 'समोर' आणि 'मागे' असे काही नसते. म्हणून वही उघडण्याआधी शिल्पाभोवती एक सावकाश प्रदक्षिणा घाला. दहा पावले चालल्यावर भोक बंद होते, टोक लांबते, जाड भाग बारीक होतो. सायकलीचे चाक बाजूने गोल दिसते, थोडे तिरके गेलात की लंबवर्तुळ होते आणि अगदी समोरून नुसता उभा पट्टा! चाक गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात गोलच काढायला जातो. तिथे डोळ्याचे ऐका.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी टी-स्क्वेअर घेऊन तीन बाजूंची दृश्ये काढलेल्या पालकांना ही सवय मोडायला मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या चित्रात वस्तू 'आहे' तशी काढतात. रेखाटनात ती इथून, या जागेवरून 'दिसते' तशी काढायची. अलेक्झांडर काल्डर हेही मुळात यांत्रिकी अभियंतेच. १९१९ मध्ये त्यांनी पदवी घेतली, काही वर्षे नोकऱ्या केल्या आणि नंतर पत्रे आणि तारा वाकवून शिल्पे करू लागले. तेव्हा अभियंत्यांनी निराश होऊ नये!

पेन्सिलीने माप कसे घ्यावे?

हात कोपरात न वाकवता समोर ताठ करा. एक डोळा मिटा. पेन्सिल उभी धरून तिचे वरचे टोक शिल्पाच्या माथ्याशी जुळवा आणि शिल्पाचा पाया जिथे येतो तिथे पेन्सिलीवर अंगठा ठेवा. ही झाली दिसणारी उंची. आता अंगठा न हलवता पेन्सिल आडवी करा आणि रुंदी या उंचीच्या किती पट आहे ते पाहा. समजा दीडपट आली. मग कागदावर उंची ८ सेंटिमीटर घेतली तर रुंदी १२ सेंटिमीटर. झाले प्रमाण!

हात ताठच का? आठवी-नववीच्या मुलांना समरूप त्रिकोण आठवतील. डोळा, पेन्सिल आणि शिल्प यांचे दोन समरूप त्रिकोण होतात. कोपर वाकले की पेन्सिल डोळ्याजवळ येते, लहान त्रिकोण बदलतो आणि आधीची मापे निरुपयोगी ठरतात.

क्षितिजाची जादू

कॉर्निशवर एक सोय आहे जी रियाधच्या मुलांना नाही. समोर खरे क्षितिज दिसते. समुद्र आणि आकाश मिळतात ती रेघ नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. तुम्ही उभे राहिलात की ती वर येते, बसलात की खाली जाते. उभे असलेले बाबा पाहतात तेव्हा ती रेघ लांबच्या साधारण त्यांच्याच उंचीच्या माणसांच्या डोळ्यांमधून जाते. चटईवर बसलेल्या आईला तीच रेघ त्याच माणसांच्या कमरेच्या आसपास दिसते. तिघांनी एकच शिल्प एकाच जागेवरून काढले तरी तिघांचे क्षितिज वेगळ्या ठिकाणी येईल आणि तिघांचेही बरोबर असेल!

यातून उंची मोजण्याची एक युक्ती मिळते. शिल्प आणि तुम्ही एकाच सपाट जमिनीवर असाल तर शिल्पाचा क्षितिजाच्या खालचा भाग हा तुमच्या डोळ्यांच्या उंचीएवढा असतो. समजा उभे असताना तुमचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर आहेत आणि पूर्ण शिल्प त्या खालच्या भागाच्या चौपट दिसते. म्हणजे शिल्प ४.८ मीटर उंच. शिडी नको, टेप नको. घरी जाऊन बाबांच्या डोळ्यांची उंची मोजा, त्यांच्याकडूनही हेच गणित करून घ्या आणि दोन्ही उत्तरे जुळतात का बघा.

वस्तू सोडा, पोकळी काढा

ज्या शिल्पाला भोक किंवा कमान आहे ते निवडा. आता शिल्प काढायचेच नाही! भोकातून दिसणारा आकाशाचा तुकडा काढा. तो कसा आहे? पानासारखा, भाकरीच्या चतकोरासारखा, की चेपलेल्या लिंबासारखा? नंतर शिल्प आणि शेजारचा दिव्याचा खांब यांमधल्या हवेचा आकार काढा. असे तीन-चार तुकडे जमले की शिल्प आपोआप कागदावर उगवते. बाहेरच्या रेघेपेक्षा अशी पोकळी काढताना चुका कमी होतात, कारण 'आकाशाच्या तुकड्याचे' पाठ केलेले चित्र कोणाकडे नसते.

शेवटी सावली. डोळे किलकिले करा, बारीक तपशील जातील आणि तीन छटा उरतील: उजेड, मधला आणि गडद. उजेड म्हणजे कोरा कागद. मधल्यासाठी एचबीच्या तिरक्या रेघा, गडद भागासाठी ४बी. एवढे पुरे. किंग फहद कारंजे काढाल तेव्हा हा नियम विशेष उपयोगी पडेल. १९८५ मध्ये सुरू झालेले हे कारंजे समुद्राचे पाणी अडीचशे मीटरांहून उंच उडवते. पाणी काढायला जाऊ नका. मागचे संध्याकाळचे आकाश हलके गडद करा आणि कारंजाची जागा कोरी सोडा.

शिल्पांपासून दृश्याकडे

शिल्पांचा हात बसला की पुढचा टप्पा म्हणजे जुने शहर, अल-बलद. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. समुद्रातल्या प्रवाळ दगडाच्या भिंती आणि त्यांवर पुढे आलेल्या लाकडी जाळीदार खिडक्या, ज्यांना इथे रोशन म्हणतात. त्यांचे सागवान जहाजांतून हिंदुस्थान आणि जावाकडून येत असे. पूर्ण खिडकी काढू नका, जाळीतली नक्षी एका कोपऱ्यात नीट काढा आणि बाकी खिडकी नुसत्या रेघांनी सुचवा. १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या नसीफ वाड्याच्या दाराशी एक जुने झाड आहे. बराच काळ जुन्या गावातले ते एकुलते एक मोठे झाड होते, असे सांगतात. झाड कोणते, तर आपला कडुनिंब!

डोंगर काढायचेच असतील तर सुट्टीत ताइफच्या वाटेवर अल-हदाच्या घाटात थांबा. जवळचा डोंगर गडद, त्यामागचा फिकट, त्याहून मागचा आणखी फिकट. हवेतली धूळ आणि बाष्प यांमुळे असे होते. सह्याद्रीतही हेच दिसते. एकामागे एक चार फिकट होत जाणाऱ्या रेघांनी जे अंतर दिसते ते दोन त्रिकोणांनी कधीच दिसत नाही. खाऊचा डबा मात्र बंद ठेवा, तिथली बबून माकडे चित्र बघायला येत नाहीत!

आणि भारतात गेलात की अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर-संग्रहालय जरूर पाहा. त्यांचा जन्म त्याच गावचा, १८९१ सालचा. इथे चेहरे नसलेली शिल्पे काढून तयार झालेल्या डोळ्याला तिथले चेहरे वेगळेच दिसतील.

काही पथ्ये

वही घेऊन बसलात तरी जागेचे भान ठेवा. राजवाडे, वकिलाती, लष्करी आणि पोलिसांच्या जागा काढायच्या नाहीत. कोणी रखवालदाराने हटकले तर वही दाखवावी, सलाम करावा आणि उठावे. समोर बसलेल्या कुटुंबाचे, विशेषतः बायकांचे, चित्र काढू नये. माणूस हवाच असेल तर लांबचा आणि दोन रेघांचा, केवळ उंची कळण्यापुरता.

या बाबतीत हेन्री मूर यांचीच गोष्ट सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सुमारास, लंडनवर बॉम्ब पडत असताना हजारो लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत. मूर यांनी त्यांची जी चित्रे काढली ती पुढे फार गाजली. पण संकटातल्या माणसांपुढे वही उघडून बसणे त्यांना प्रशस्त वाटेना. ते तिथे नीट बघत, चार शब्दांचे टिपण करत आणि चित्र घरी येऊन आठवणीने काढत. पालकांपैकी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना 'स्मरणचित्र' आठवेल. त्याचा खरा उपयोग हा असा आहे.

पालकांसाठी थोडेसे

आपण इथे कायमचे राहणार नाही हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. इकाम्याला मुदत असते आणि मन पुढच्या सुट्टीच्या तिकिटावर असते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे राहूनही आपण या शहराकडे स्टेशनवरच्या प्रतीक्षागृहासारखे बघतो. मुलांचे तसे नाही. त्यांचे बालपण हेच आहे, दुसरे कुठे राखून ठेवलेले नाही. बारावीनंतर बहुतेक मुले इथून शिकायला जातात. आपली नोकरी संपली की परत येऊन हे गाव बघण्याचे निमित्तही उरत नाही. गावही थांबत नाही. २०२१-२२ मध्ये जेद्दातल्या कितीतरी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. त्यांत राहिलेल्या कुटुंबांना आता मुलांना "हे आपले घर होते" म्हणून दाखवायला जागा नाही.

फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि त्यांतला एकही आपण पाच मिनिटे बघितलेला नसतो. ज्या वस्तूसमोर मूल अर्धा तास बसले, तिची सावली कुठे पडते, मागे कोणता मिनार दिसतो, वारा कुठून येत होता हे त्याच्या लक्षात राहते. चित्र वाकडे आले तरी राहते. म्हणून कृपा करून मुलांबरोबर तुम्हीही एक कागद घ्या. नुसते शेजारी बसून सूचना देऊ नका!

या महिन्याचे काम

१. कॉर्निशवरचे एकच शिल्प निवडा. त्याची तीन बाजूंनी तीन छोटी रेखाटने करा. प्रत्येकाला पाच मिनिटे, घड्याळ लावून.

२. त्यांतल्या एका जागेवरून अर्ध्या तासाचे चौथे रेखाटन करा. क्षितिजाची रेघ दाखवा आणि शिल्पाची उंची काढून बाजूला लिहा.

३. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि कोणत्या दिशेला तोंड होते ते मराठीत लिहा.

४. शिल्पाचे वर्णन करणारे पाच मराठी शब्द लिहा. 'छान' आणि 'मोठे' चालणार नाहीत! मदतीसाठी काही देतो: गोलसर, निमुळते, बसके, चपटे, फुगीर, खडबडीत, गुळगुळीत, पोकळ, टोकदार, वळणदार, कललेले. बाकीचे आजीला फोनवर चित्र दाखवून तिच्याकडून मिळवा.

५. शिल्पाला स्वतःचे मराठी नाव द्या.

वह्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या वर्गाला आणाव्यात. पालकांच्याही! भिंतीवर सगळी चित्रे एका रांगेत लावू आणि एकाच शिल्पाला किती नावे मिळाली ते मोजू.